जुन्या पिकअपच्या छताचं कापड लोंबतंय, नवीन कसं बसवावं?

रानवाट
नमस्कार मंडळी. जुना पिकअप आहे, सिंगल केबिन. इंजिन-गिअर उत्तम, पत्राही बऱ्यापैकी शाबूत. पण छताच्या आतलं कापड सुटत चाललंय. आधी मागच्या काचेजवळ एक फुगा आला, मग तो सरकत सरकत दिव्यापर्यंत पोचला. आता खिडकी उघडी ठेवून चालवलं की कापड फडफडतं आणि मागचं बघायच्या आरशात निम्मं कापडच दिसतं. बोटाने वर दाबलं की क्षणभर टेकतं आणि पुन्हा खाली येतं. सीटवर सारखी तांबूस भुकटी पडलेली असते.

ही गाडी मला अजून बरीच वर्षं वापरायची आहे, त्यामुळे काम एकदाच पण नीट करायचंय. इंजेक्शनच्या सुईने आत गोंद भरून चिकटवता येईल का? की सगळं उतरवावंच लागेल? कापड कुठलं आणि गोंद कुठला? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

चारचाकी
तूर्तास वळणदार तारेच्या पिना मिळतात, डोकं पारदर्शक असतं. फिरवून बोर्डात बसवल्या की कापड वर राहतं. आरसा मोकळा होईल, निदान गाडी चालवताना धोका नाही.

सुईदोरा
पिना तात्पुरत्या लावायला हरकत नाही. मात्र बोर्ड फायबरग्लासचा असेल तर प्रत्येक पिनेच्या भोकातून चुरा खाली येतो, म्हणून थोड्याच लावा.

सुईने गोंद भरायचा विचार मात्र सोडून द्या. मी गाड्यांच्या सीटा आणि छतं करते, आणि हा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी तेच करून आलेला असतो. तुमच्या छताला तीन थर आहेत. सगळ्यात वर पत्र्याच्या बाजूला एक कडक साचेबंद बोर्ड, दाबलेल्या पुठ्ठ्याचा किंवा फायबरग्लासचा. त्याला चिकटवलेला साधारण ३ मिलीमीटरचा फोम. आणि फोमच्या खाली तुम्हाला दिसतं ते विणीचं पातळ कापड. कापड आणि फोम कारखान्यातूनच एकमेकांना जोडून येतात.

आता एक गोष्ट करून बघा. जिथे कापड पूर्ण सुटलंय तिथे कडेने हात घालून बोर्डावरून बोट फिरवा. बोर्डाला अजून फोम चिकटलेला आढळेल, आणि तो बोटाखाली चुरगळेल. म्हणजे कारखान्यातला गोंद आजही आपलं काम करतोय. सुटलाय तो फोम, स्वतःच्या अंगातूनच दोन भाग होऊन. तुम्ही कितीही भारी गोंद भरलात तरी तो त्या भुकटीला चिकटणार, आणि भुकटी बोर्ड सोडणार. वर कापडावर गोंदाचे काळपट डाग उठतील ते वेगळंच.

जुनं कापड आणि जुना फोम पूर्ण काढून बोर्ड उघडा करायचा, आणि नवीन फोमचं कापड लावायचं. दुसरा टिकाऊ मार्ग मला तरी माहीत नाही.

निळीशाई
सुईदोरा ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाची रसायनक्रिया शोधली. आज गाद्यांपासून सीटांपर्यंत सगळीकडे तोच आहे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पॉलिएस्टर जातीचा फोम दमट हवेने खचतो: हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडत जातं. पॉलिईथर जातीचा फोम दमटपणाला बराच तग धरतो, पण उष्णता, ऑक्सिजन आणि उजेड यांनी खराब होतो. आधी पिवळा पडतो, मग लवचिकपणा जातो, शेवटी हात लावताच भुगा. वस्तुसंग्रहालयात जुन्या फोमच्या वस्तू जपणाऱ्यांनाही हीच अडचण येते, आणि तिथे तर तापमान आणि दमटपणा दोन्ही सांभाळलेले असतात.

गाडीच्या छताला यातलं काहीच लाभत नाही. उन्हात बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या पुढे सहज जाते, आणि छताचा पत्रा तर त्याहून तापतो. फोम त्या पत्र्याला जवळजवळ लागूनच असतो. रात्री तोच पत्रा थंड होऊन त्यावर आतून दव धरतं. रोज असं शेकणं आणि ओलावणं चाललेलं असताना एवढी वर्षं टिकला हेच पुष्कळ.

रानवाट
ताई, बोट फिरवून बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, बोट तांबूस चिकट झालं. मग बोर्ड उतरवतोच. पण तो बाहेर काढायचा कसा? केबिनमध्येच उलटं होऊन कापड लावता येणार नाही का?

तेलकटहात
केबिनमध्ये डोक्यावर हात धरून हे काम करूच नका. भुकटी डोळ्यात जाते, गोंदाची वाफ कोंडते, आणि काठ मागे मुडपायला जागाच मिळत नाही. बोर्ड बाहेर काढा. सिंगल केबिनचा बोर्ड छोटा असतो, दोघं जण सहज काढतात.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. खांबांच्या (काचांच्या बाजूचे, छताला धरणारे उभे भाग) कव्हरवर एअरबॅगची खूण आहे का ते बघा. जुन्या पिकअपमध्ये सहसा छताच्या कडेला एअरबॅग नसते, पण असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्या कव्हरला हात लावायचा नाही. मॅन्युअल हाती नसेल तर तेवढा भाग जाणकाराकडूनच उतरवून घ्या.

मग सनवायझर. बहुतेकदा स्टार आकाराचे स्क्रू असतात, त्याच मापाचं टोक वापरा, नाहीतर डोकं झिजतं आणि पुढचा सगळा वेळ तिथेच जातो. छताच्या दिव्याची काच पातळ प्लास्टिकच्या पट्टीने एका बाजूने उचकटा, आतले स्क्रू काढा, वायरचा जोड सोडवा. हाताने धरायची कडी, कपड्याचा हूक, मागच्या काचेवरची पट्टी, हे सगळं ओळीने. दाराच्या चौकटीचं रबर वरच्या बाजूने खाली ओढून ठेवा, कारण बोर्डाचे काठ त्याच्यात दाबलेले असतात. पुढच्या खांबांची कव्हरं क्लिपांवर असतात, ती सरळ आतल्या बाजूला ओढायची, पिळायची नाहीत. मागच्या खांबांच्या कव्हरसाठी सीटबेल्टचा वरचा बोल्ट काढावा लागतो. त्याचे वायसर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढून ठेवा.

सगळं सुटल्यावरही बोर्ड खाली येत नसेल तर ओढाओढ नको. काही गाड्यांत तो मधोमध पत्र्याला गोंदाच्या ठिपक्यांनी लावलेला असतो. लांब पातळ पट्टी आत सरकवून ते ठिपके कापा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बोर्ड दाराबाहेर काढताना वाकवू नका. सीट पूर्ण मागे पाडा, स्टिअरिंग खाली करता येत असेल तर करा, आणि बोर्ड तिरपा फिरवून ज्या दाराशी स्टिअरिंग नाही तिथून काढा. एक जण आत, एक बाहेर, दोघांचेही तळहात बोर्डाच्या खाली. पुठ्ठ्याला एकदा घडी पडली की ती नव्या कापडातूनही दिसते.

कोपरा
ज्यांना हे काम बाहेर करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या गाडीचं छत एका दुकानात करून घेतलं होतं. दिसायला झकास झालं. पुढच्याच उन्हाळ्यात पूर्ण कापड पुन्हा खाली. उतरवून बघतो तर जुना फोम अर्धवट खरवडून त्याच्यावरच नवीन कापड लावलेलं. त्यामुळे काम कुणालाही द्या, पण कापड लावायच्या आधी उघडा बोर्ड स्वतः डोळ्यांनी बघायला मिळेल का, हे आधी विचारा. नीट काम करणारा माणूस आनंदाने दाखवतो.

सुईदोरा
कोपरा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या धंद्यात कापड ताणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट बोर्ड साफ करायला लागतो, आणि गिऱ्हाइकाला तो वेळ दिसत नाही. म्हणून तिथेच काटछाट होते. मी गिऱ्हाइकाला साफ केलेल्या बोर्डाचा फोटो पाठवल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही.

रानवाट
बोर्ड निघाला. फोटो टाकले आहेत. बोर्ड दाबलेल्या पुठ्ठ्याचा दिसतोय. दोन गोष्टी सापडल्या. दिव्याच्या भोकापासून मागे गेलेली एक भेग आहे, वीतभर तरी असेल. आणि मागच्या काठाला मधोमध तपकिरी वर्तुळं आहेत, एकात एक. तिथे पुठ्ठा मऊ लागतोय. वर पत्र्यालाही थोडा गंज आहे.

तेलकटहात
ती वर्तुळं पाण्याची आहेत. प्रत्येक वेळी पाणी येऊन वाळलं की एक कडा उमटते, म्हणजे गळती जुनी आहे. आधी ती शोधा, बाकी सगळं नंतर.

मागच्या काठाला मधोमध म्हटल्यावर पहिला संशय केबिनच्या मागे वर असणाऱ्या तिसऱ्या ब्रेक दिव्यावर. पिकअपमध्ये त्या दिव्याखालचं फोमचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी चकती, दबून कडक होतं आणि पाणी सरळ आत येतं. तुमच्या छतावर छोटे दिवे असतील तर त्यांच्या तळाची गॅस्केटंही तशीच. त्यानंतर मागच्या काचेचं रबर, अँटेनाचं भोक आणि पुढच्या काचेची वरची कड.

शोधायची पद्धत: एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हलकं पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून एकदम पाणी ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. थेंब दिसला की लगेच बोट ठेवू नका, वर कुठून ओघळतोय ते बघा. छताच्या पत्र्याला आतून आडव्या पट्ट्या असतात, पाणी त्यांच्यावरून बरंच लांब जाऊन मग टपकतं.

गंज वरवरचा असेल तर घासून, गंजरोधक प्रायमर आणि वर रंग. भोक पडलं असेल तर पत्र्याचं काम आधी.

रानवाट
दादा, ब्रेकचा दिवाच निघाला. गॅस्केट चपटं होऊन दोन ठिकाणी तुटलेलं होतं. नवीन बसवून पुन्हा पाणी मारून बघितलं, आत कोरडं आहे. गंज वरवरचा होता, घासून प्रायमर लावला.

आता बोर्डाकडे वळतो. कापड तर हाताने ओढलं तसं सहज निघालं, फोम मात्र जागोजागी चिकटून आहे.

सुईदोरा
उघड्यावर न्या. घरात ही भुकटी दिवसेंदिवस निघत राहते. डोळ्यांना चष्मा, तोंडाला चांगला मास्क. तुमचा बोर्ड पुठ्ठ्याचा आहे म्हणून ठीक. ज्यांचा फायबरग्लासचा असेल त्यांनी पूर्ण बाह्या आणि हातमोजेही घाला, काचेचे तंतू कातडीत रुततात.

कडक नायलॉनचा ब्रश घ्या आणि एकाच दिशेने झाडत चला. तारेचा ब्रश शक्यतो नको, पुठ्ठ्याचा वरचा थर उकलतो. खोलगट जागांमध्ये, म्हणजे वायझरची जागा, दिव्याभोवतीचा खड्डा आणि काठाजवळची वळणं, तिथे जास्त वेळ द्या. सपाट भागावर थोडा फोम राहिला तर एखादे वेळी निभावतं, पण खोलगट जागी कापड सतत वर यायला बघत असतं. तिथे भुकटी राहिली की सुटायला सुरुवात तिथूनच. पाणी अजिबात लावू नका. ब्रश झाला की व्हॅक्यूम, मग कोरडं फडकं. शेवटी तळहात फिरवा. हाताला तांबूस रंग आला तर परत ब्रश. जुन्या गोंदाचा पातळ पिवळा थर घट्ट बसलेला असेल आणि नखाने निघत नसेल तर तो राहू द्या.

भेगेसाठी: बोर्ड पालथा घाला, भेगेच्या दोन्ही कडा बरोबर जुळवून खालून आधार द्या, आणि पत्र्याकडच्या बाजूने फायबरग्लासच्या कापडाची पट्टी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा गोंद) लावा. पट्टी भेगेपेक्षा दोन्ही बाजूंना चार बोटं तरी जास्त. मऊ पडलेल्या भागालाही तसंच, पूर्ण सुकल्यावर. काही बोर्डांच्या पोटात हलका फोम असतो आणि पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन काही फोम विरघळवतं, म्हणून मी सरसकट इपॉक्सीच वापरते. दिसणाऱ्या बाजूला भेगेची रेघ पातळ भरून, वाळली की बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. बोटाला रेघ लागली तर कापडातूनही दिसेल.

अनवट
मध्येच विचारतो. छत उघडं आहेच तर पावसाचा आवाज कमी करायला पत्र्याला काही लावावं का? माझ्या पिकअपमध्ये पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

तेलकटहात
जरूर लावा, ही संधी परत मिळत नाही. ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट घ्या. डांबरी शीट छताला नको, ती उन्हात मऊ होते, वास येतो आणि कालांतराने सुटून बोर्डावर पडते. पत्रा पूर्ण मढवायची गरज नाही. पत्र्याचा थरथराट मोडण्यासाठी पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी मोठा फरक पडतो. आडव्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावर मध्यभागी तुकडे लावा आणि रोलरने दाबा. बोटाने टकटक करून बघा, टणत्कार जाऊन बसका आवाज आला की झालं.

उष्णतेसाठी त्याच्यावर बंद पेशींचा पातळ फोम लावता येतो. तो पाणी शोषत नाही. जाडी मात्र बेताची ठेवा, नाहीतर बोर्ड जागेवर बसत नाही. क्लिपांची भोकं आणि वायरींची वाट मोकळी सोडा. कॅमेऱ्याची वायर वगैरे टाकायची असेल तर आत्ताच टाकून ठेवा.

कोपरा
कापडाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. साधं पडद्याचं किंवा सोफ्याचं कापड लावलं तर? रंग खूप मिळतात.

सुईदोरा
दोन कारणांसाठी नको. पहिलं, फोमशिवायचं कापड बोर्डाचा प्रत्येक उंचवटा दाखवतं आणि गोंद त्यातून पाझरतो. मागे ३ मिलीमीटर फोम असलेलं छताचंच कापड घ्या. ते दोन्ही दिशांना ताणलं जातं, त्यामुळे खोलगट जागी बसतं. फोम फार जाड घेतलात तर काठ रबरात शिरत नाहीत.

दुसरं कारण आगीचं. अमेरिकेत गाडीच्या आतल्या सामानासाठी एफएमव्हीएसएस ३०२ हा नियम १९७२ पासून लागू आहे. चाचणीत कापड आडवं धरून पेटवतात आणि ज्योत मिनिटाला १०२ मिलीमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. आयएसओ ३७९५ ही चाचणीही त्याच धर्तीची. गाडीसाठी म्हणून विकलं जाणारं कापड या कसोटीवर उतरलेलं आहे का हे विचारता येतं. पडद्याचं कापड या चाचणीसाठी बनवलेलंच नसतं, आणि ते तुमच्या डोक्यावर असणार आहे.

माप घेताना टेप सरळ ताणू नका, बोर्डाच्या खड्ड्या-उंचवट्यांवरून टेकवत न्या, आणि चारही बाजूंना १० सेंटीमीटर जास्त धरा. कापडाला लव असेल तर तिची दिशा पुढून मागे ठेवा. वायझरही त्याच कापडाचे करायचे असतील तर दोन्हींसाठी एकाच थानातून घ्या, रंगात फरक येतो.

निळीशाई
रेक्झिनचा विचार कुणी करत असेल तर एक सूचना. ते पुसायला सोपं, पण हवा जाऊ देत नाही आणि जास्त ताणलं जात नाही. वायझरच्या खड्ड्यात ते बसवायला कसब लागतं. सपाट बोर्ड असलेल्या खूप जुन्या केबिनमध्ये ठीक.

चारचाकी
खूप जुन्या गाड्यांवरून आठवलं. माझ्याकडच्या पिकअपला बोर्डच नाही. कापडाला मागून शिवलेल्या नळ्यांतून लोखंडी तारा ओवलेल्या आहेत आणि त्या छताच्या कडेला अडकवल्यात. तिथेही हीच पद्धत का?

सुईदोरा
नाही, ते वेगळं काम आहे. तिथे फोम नसतो, कापड तारांवर ताणून बसवतात. तुमच्यासाठी एकच सांगते: तारा काढताना प्रत्येकीवर पुढून मागे क्रमांक लिहा, आणि ती कुठल्या भोकात होती तेही. प्रत्येक तारेची कमान वेगळ्या उंचीची असते, अदलाबदल झाली की छत कधीच सपाट येत नाही. जुनं कापड उसवून त्याच्यावरूनच नवीन बेतायचं, म्हणून ते टाकू नका. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

रानवाट
बोर्ड साफ झाला, हाताला काही लागत नाही. भेगही भरली, आता नखालाही कळत नाही. कापड आलंय. गोंदाचं सांगा, मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे.

सुईदोरा
डब्यावर छतासाठी किंवा उच्च तापमानासाठी असं स्पष्ट लिहिलेला स्प्रे घ्या. हस्तकलेचे, सर्वसाधारण कामाचे स्प्रे छताच्या उष्णतेला मऊ पडतात. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आणि गन आहे त्यांनी उष्णता सोसणारं कॉन्टॅक्ट सोल्यूशन फवारावं, मी तेच वापरते.

जागा सावलीतली, हवेशीर, धूळ नसलेली. फार थंडी किंवा फार दमटपणा असेल तर काम पुढे ढकला, दमट हवेत सोल्यूशनवर ओल धरते आणि पकड जाते. जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, वाफ पेट घेते. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो.

पुठ्ठा सोल्यूशन पितो. म्हणून बोर्डावर एक पातळ हात मारून तो पूर्ण वाळू द्या. आता कापड बोर्डावर पसरून चारही बाजू सारख्या करा, आणि पुढचा अर्धा भाग मागे उलटा. उघड्या अर्ध्या बोर्डावर एक हात, आणि कापडाच्या फोमवर एक हात. स्प्रे एका दिशेने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. थोडं थांबून बोर्डावर दुसरा हात, या वेळी आडव्या दिशेने. काठ आणि खड्डे यांना थोडं जास्त.

मग थांबायचं. किती, ते डब्यावर दिलेलं असतं, पण खरी परीक्षा बोटाची: बोटाच्या मागच्या बाजूने हलकं टेकवा. चिकट लागलं पाहिजे, पण तार निघता कामा नये आणि बोटाला काही येता कामा नये. ओलं असताना कापड टाकलं तर त्यातल्या द्रवाने फोम चपटा होतो आणि वर डाग उठतो. फार वाळलं तर धरतच नाही.

कापड दोघांनी धरा. मधल्या रेषेपासून सुरू करून तळहाताने पुढे आणि बाजूंना सरकवत न्या. कापडाला ताण नको, नुसतं टेकवायचं. खड्डा आला की कापड तिथे आधी सैल सोडा, बोटांनी तळाशी दाबा, मग कडांवरून बाहेर पडा. खड्ड्यावरून कापड ताणून नेलं आणि मग आत दाबलं तर ते दाबलेलं राहत नाही. पुढचा अर्धा झाला की मागचा अर्धा तसाच.

तेलकटहात
ताई, एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. घरी करणाऱ्याने अर्धा बोर्ड एकदम करू नये. पहिल्यांदा हात चालत नाही आणि सोल्यूशन वाळून जातं. मी चार पट्ट्यांत करतो, मधून बाहेर.

सुईदोरा
पट्टे केले की जोडावर स्प्रे दोनदा बसतो आणि तिथे कधी कधी कडक रेघ दिसते. सिंगल केबिनचा बोर्ड लहान आहे, दोन माणसं असतील तर अर्धा जमतो. मोठ्या, चार दारांच्या केबिनला मात्र तुमचं म्हणणं मान्य, तिथे भाग पाडावेच लागतात.

रानवाट
मित्राला बोलावून अर्ध्या-अर्ध्यानेच केलं. सपाट भाग छान बसला, दिव्याचा खड्डाही. खड्ड्यात कापड आधी सैल सोडलं होतं, बोटांनी दाबल्यावर त्याच्या वळणाला नेमकं टेकलं. पुढच्या एका कोपऱ्यात मात्र काठ मागे वळवताना चुणी येतेय. आणि भोकं कधी कापायची?

सुईदोरा
कोपऱ्यात मागच्या बाजूने चिरा द्या, पाकळ्यांसारख्या, पण बोर्डाच्या काठाच्या एक बोट अलीकडेच थांबा. मग एकेक पाकळी स्वतंत्र ओढून चिकटवा. बाहेरच्या वळणाला पाकळ्या एकमेकींवर येतील, जादा तुकडा कापून टाका, तिथे जाडी वाढायला नको. मागे तीनेक सेंटीमीटर मुडपलं की पुरे.

भोकं सगळ्यात शेवटी, रात्रभर वाळल्यावर. दिव्याच्या भोकात मधोमध फुलीची चीर द्या, चार त्रिकोण मागे ओढून चिकटवा. स्क्रूची भोकं बोर्डाच्या मागून टोच्याने पाडा, कात्री लावू नका. टोच्याने धागे बाजूला सरतात, तुटत नाहीत. क्लिपांच्या भोकांनाही तेच.

तेलकटहात
बसवताना स्वच्छ हात, किंवा नवे हातमोजे. फिकट कापडावर ग्रीसचा एक ठसा पडला की तो निघत नाही. आधी दिव्याची वायर भोकातून खाली घ्या, मग बोर्ड वर टेकवून वायझरचे स्क्रू दोन-तीन आटे धरतील एवढेच लावा. बोर्ड जागेवर आला, सगळी भोकं जुळली, की मग मागून पुढे घट्ट करत या. तुटलेल्या क्लिपा परत लावू नका, नव्या घ्या. खांबांची कव्हरं, मग दाराचं रबर बोर्डाच्या काठावर चढवा.

सीटबेल्टचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच, म्हणजे पिळायच्या ठरवून दिलेल्या जोरालाच, घट्ट करायचा, अंदाजाने नाही. वायसरांचा क्रम फोटोशी जुळवा, बेल्टची पट्टी बोल्टवर मोकळी फिरली पाहिजे. मग बेल्ट झटक्याने ओढून अडकतो का ते बघा. काही दिवस खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, सोल्यूशनचा वास जाईपर्यंत.

रानवाट
बसला! काठ रबरात व्यवस्थित गेले, आरशात पूर्ण मागची काच दिसतेय. भेगेची जागा शोधूनही सापडत नाही. ताई, दादा, तुम्ही दोघांनी वेळ काढून एवढं लिहिलंत, मनापासून आभार. निळीशाई, तुमच्यामुळे नेमकं काय बिघडलंय ते कळलं.

एकच राहिलं. कापड उरलंय, वायझर जुन्या रंगाचे वेगळे दिसताहेत. त्यांनाही हाच स्प्रे मारून वरून कापड लावू का?

सुईदोरा
वायझरचं जुनं आवरण रेक्झिनचं असेल तर त्याच्यावर चिकटवू नका, रेक्झिनमधलं तेल बाहेर येऊन पकड सोडवतं. कड उसवून आवरण काढा, तेच उलगडून कागदावर माप घ्या, आणि सगळीकडे एक सेंटीमीटर शिलाईला जास्त धरा. दांडीकडची बाजू उघडी ठेवून उलट्या बाजूने शिवा, सुलटं करा, आतल्या सांगाड्यावर चढवा आणि ती एक बाजू हाताने टाचा. आरसा किंवा एअरबॅगची सूचना लिहिलेली पट्टी असेल तर ती आधी नीट सोडवून ठेवा, तीच परत लावायची आहे. स्प्रे लागणारच नाही.